मठाच्या भिंतीला लागलेला ठसका

सोमवार आणि गुरुवार हे भिंतीचे बोलायचे वार. उरलेले पाच दिवस ती नुसतीच भिंत असायची.

मुरुमपासून सहा-सात किलोमीटरवरच्या चिंचकोटी गावात त्या दोन दिवशी पाय ठेवायला जागा नसे. मोटारसायकली, जीपा, टमटम आणि मधूनच एखादी चकचकीत चारचाकी. कुणाची म्हैस हरवलेली, कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली, कुणाचा मुलगा पोलीस भरतीत उंचीला कमी पडलेला. भिंत त्याची उंची कशी वाढवणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. डोकी चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवायची पद्धत पडली होती.

मठ म्हणजे गावच्या जंगम स्वामींचं राहतं घर. सात खणांचं, काळ्या दगडाचं, आत सागवानी खांब आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट माळवद. भिंती इतक्या रुंद की कोनाड्यात माणसानं मांडी घालून बसावं. शिवलिंगय्या स्वामी तिथं पन्नास वर्षं राहिले. सकाळी झोळी घेऊन पाच घरं फिरायचे, मिळेल ते दुपारी खायचे, संध्याकाळी पोरांना पाढे शिकवायचे. उद्यासाठी मूठभर ज्वारीसुद्धा मठात ठेवायची नाही हा त्यांचा आणि त्यांच्या आधीच्या स्वामींचाही नेम, आणि त्या नेमाचा गावाला फार अभिमान. भूकंपाच्या साली सगळं गाव बसलं, मठाला मात्र चीरसुद्धा गेली नाही. पुढे सरकारनं अर्ध्या किलोमीटरवर नवी घरं बांधून दिली, गाव तिकडे गेलं, आणि जुन्या गावठाणात दगडांच्या ढिगाऱ्यांमध्ये मठ तेवढा उभा राहिला. लोक त्या घराला तेव्हापासूनच हात जोडत होते.

गेल्या वर्षी स्वामी वारले. त्यांच्यातल्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून समाधी दिली, मठामागच्या शेतात, गावादेखत. तरीही दोन महिन्यांपूर्वी उत्तरेश्वर महाराज नावाचा माणूस आला, मठात राहिला, माळवदाची डागडुजी करून घेतली आणि म्हणाला की स्वामी समाधीतून उठून भिंतीत येऊन बसलेत. गावानं लगेच मानलं. पुरलेला माणूस शंभर पावलं चालून दगडात शिरला कसा, असं विचारणारा नास्तिक ठरला असता, आणि नास्तिक ठरायला वेळ कुणाला होता?

उपकेंद्राच्या गायत्री सिस्टरलाही तो वेळ नव्हता. गावात तिला आठ वर्षं झाली होती. लसीकरण, बाळंतपणं, कुत्रं चावलेले, विहिरीत पाय घसरलेले, हे सगळं उरकून भिंतीशी भांडायला जायचं तिनं टाळलं होतं. म्हैस सापडो न सापडो, कुणी मरत नाही, असं ती म्हणायची. हे म्हणणं पुढे तिला फार लागलं.

त्या सोमवारी संध्याकाळी अर्पिता सुई घ्यायला आली नाही.

अर्पिता बारा वर्षांची. गिरणीवाल्या शिवकुमारची एकुलती एक. तीन वर्षांपूर्वी सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या मुलीच्या शरीरात इन्शुलिन तयार होत नाही, ते रोज बाहेरून द्यावं लागेल, जन्मभर. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ ती गायत्रीकडे यायची. औषध गायत्रीच्या फ्रीजमध्ये असायचं. मुलगी स्वतःच पोटाची चिमट धरायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "टोचा." तीन वर्षांत एकदाही चुकली नव्हती.

गायत्री तिला शोधत मठात पोहोचली तेव्हा शिवकुमार, त्याची बायको शिवकन्या आणि अर्पिता भिंतीसमोर बसले होते. भिंतीच्या कोनाड्यात स्वामींचा फोटो, फोटोखाली रेशमी कापडाचा पडदा. बाजूला उत्तरेश्वर, गळ्यात माळांचा भार आणि मनगटावर फोन येताच थरथरणारं घड्याळ.

"हे विज्ञान हाय, विज्ञान!" तो गर्दीला सांगत होता. "तुमच्या मोबाइलला तार हाय का? न्हाय! तरी मुंबईचा माणूस बोलतो का न्हाय? मग आमचे स्वामी भिंतीतनं बोलले तर शिकलेल्यांच्या पोटात का दुखतं? अमेरिकेचे लोक मशीन घेऊन येणार हायत इथं, लहरी मोजाया!"

मग तो भिंतीकडे वळला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडला, "स्वामी! शिवकुमार आलाय! गिरणीवाला! पोरगी अर्पिता! वय बारा! साखरेचा आजार! रोज दोन सुया!"

चार हातांवरच्या भिंतीला एवढं ओरडून कशाला सांगायचं, असं गायत्रीच्या मनात आलं. तेवढ्यात भिंत बोलली.

आवाज स्वामींचाच होता. तोच घोगरेपणा, शब्द तोडून बोलण्याची तीच ढब. पण तो घुमत होता, विहिरीच्या तळातून यावा तसा. गायत्रीच्या अंगावर काटा आला. भीतीनं नाही. हे घुमणं आपण पूर्वी कुठेतरी ऐकलंय असं तिला वाटलं, आणि कुठे ते आठवेना.

"सुई... मोडा," भिंत म्हणाली. "अकरा दिवस... लेकरू... माझ्या दारात ठेवा. माझं पाणी... माझी विभूती. दुसरं... काय न्हाय."

गर्दीनं जयजयकार केला. शिवकन्या रडायला लागली. अर्पिता उठून गायत्रीकडे धावत आली. तिचा चेहरा इतका फुललेला गायत्रीनं कधी पाहिला नव्हता.

"सिस्टर, आता मला टोचायचं न्हाय! स्वामींनी सांगितलं!"

गायत्री शिवकुमारला बाजूला घेऊन बोलली. आधी समजावून, मग दरडावून. "भाऊ, तीन दिवसांत पोरगी बेशुद्ध पडेल. चौथ्या दिवशी हातची जाईल. हा ताप-खोकला नाही."

"सिस्टर, तुमी चांगल्या हाव," शिवकुमार म्हणाला. "पण जन्मभर टोचायचं म्हंजे काय, तुमाला कळतं का? उद्या तिचं लगीन कोण करंल? ती झोपेत पोट धरून झोपती ओ. म्या बाप हाय. अकरा दिवस बघू द्या की."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. तो दुष्ट नव्हता, आणि गायत्रीला त्याचीच चीड आली. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

मंगळवारी अर्पिता मठाच्या ओवरीत चटईवर बसली होती आणि पाणी पीत होती. तांब्यावर तांब्या. घोट घेऊन ओठ पुसायची आणि परत हात पुढे करायची. बाया कौतुकानं बघत होत्या.

"बघा, लेकराला स्वामींच्या पाण्याची कशी गोडी लागली!"

"अगं, तिची साखर वाढलीय म्हणून तहान लागलीय," गायत्री ओरडली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. उत्तरेश्वरनं हसून हात जोडले. "शिष्टर, तुमच्या मशीनमधी भक्ती दिसत न्हाय." लोक खो खो हसले. ती सुई घेऊन पुढे झाली तेव्हा चार बायांनी तिचे हात धरले. शिवकन्याही त्यांच्यात होती.

बुधवारी पोरीला उलट्या सुरू झाल्या. "रोग बाहेर पडतोय," उत्तरेश्वर म्हणाला. दुपारी ती मोठमोठे, खोल श्वास घ्यायला लागली. "प्राणायाम! कुणी शिकवलं हिला? सांगा!" आणि मग तिच्या तोंडाला वास येऊ लागला, पिकल्या केळ्यासारखा, गोडसर. साखर जाळता येत नाही तेव्हा शरीर स्वतःची चरबी जाळतं, त्याच्या विषाचा हा वास. गायत्रीनं तो शिकताना पुस्तकात वाचला होता. चिंचकोटीत त्याचा प्रसाद झाला. स्वामी पोरीच्या अंगात उतरले, अशी हाकाटी झाली आणि बायाबाप्ये रांग लावून त्या मुलीच्या तोंडाजवळ नाक नेऊन वास घ्यायला लागले. म्हाताऱ्या माणसांनी तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती अर्धवट डोळ्यांनी बघत होती आणि प्रत्येकाला एकच म्हणत होती, "पाणी."

गायत्री मुरुमला पोलिसांकडे जाऊन आली. साहेब बंदोबस्तावर होते. हवालदार म्हणाले, लेखी द्या, उद्या बघतो, आईबापाची मर्जी असली की आमालाबी अवघड जातं. तालुक्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की ताबडतोब घेऊन या, एक-एक तास महत्त्वाचा आहे. घेऊन या! ओवरीच्या दारात वीस माणसं बसली होती.

मुरुमहून परतताना टमटममध्ये तिला ते घुमणं आठवलं. परंड्याला, आजोळच्या घरी, भिंतीत धान्य साठवायची पोकळी होती. तिला बळद म्हणत. दोन भिंतींच्या मध्ये माणूस मावेल एवढी जागा, वरून माळवदावरून ज्वारी ओतायची आणि खालच्या छोट्या भोकातून लागेल तशी काढायची. उन्हाळ्यात बळद तळाला गेलं की गायत्रीला कमरेला दोर बांधून आत सोडायचे, उरलेली ज्वारी लोटायला. ती आतून भावंडांना हाका मारून घाबरवायची. तिचा स्वतःचा आवाज अगदी असाच घुमायचा.

चिंचकोटीत चाळिशीच्या आतल्या कुणी बळद पाहिलंच नव्हतं. भूकंपानं ती घरं गेली, नव्या घरांच्या भिंती वीतभर. आणि म्हाताऱ्यांना बळद माहीत होतं, पण मठात ते असेल असं त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. जो स्वामी उद्याची मूठभर ज्वारी ठेवत नाही, त्याच्या घरात बळद कशाला? गावाच्या अभिमानानंच गावाचे डोळे बांधले होते.

ती टमटममधून उतरून थेट पाशामियाँकडे गेली. पाशामियाँ गवंडी, पंचाहत्तरीचे. जुन्या माळवदाची माती कशी मळायची हे पंचक्रोशीत आता त्यांनाच येत होतं. दारातल्या बाजेवर ते बसले होते, सून नसीमबी चहा करत होती.

"चाचा, मठात बळद आहे का?"

पाशामियाँनी मान खाली घातली. "न्हाय बेटी. मठात कुठलं बळद."

"मुलगी मरतेय, चाचा."

"मला ठाऊक न्हाय." त्यांनी चहा करणाऱ्या सुनेकडे पाहिलं. "आमी गरीब मानसं. आमाला मठाचं कशाला विचारती?"

गायत्री परत गेली. तो बुधवार असा गेला.

गुरुवारी दिवस उगवताच पाशामियाँ काठी टेकत तिच्या दारात आले. रात्रभर झोपले नव्हते. उंबऱ्यावरच बसले आणि कुणी विचारायच्या आत बोलायला लागले.

"हाय बळद. निजामाच्या टायमाला लेव्हीवाले घराघरातनं जवारी उचलून न्यायचे. गावाला पेरायला बी ऱ्हाईना. तवाच्या स्वामींनी माझ्या दाद्याकडनं, म्हंजे आज्याकडनं, भिंत दुहेरी करून घेतली. तोंड वर, माळवदावर, मातीखाली फरशी टाकून झाकलेलं. खालचं भोक कोनाड्यात, आता फोटोखाली पडदा हाय त्याच्या मागं. गावाचं बियाणं त्यात ठिवलं, अन् बाहेर सांगायचं न्हाय म्हून दाद्याला शपथ घातली. दाद्यानं बापाला सांगितलं, बापानं मला."

"मग उत्तरेश्वरला कुणी सांगितलं?"

पाशामियाँनी हातातली काठी उंबऱ्यावर आडवी ठेवली.

"म्याच दावलं," ते म्हणाले. "माळवदाची माती बदलाया बोलिवलं हुतं त्यानं. फरशी लागली. ह्ये काय हाय, चाचा, म्हनला. लई गोड बोलला. दाद्याचं काम कुनी इचारलं न्हवतं मला चाळीस वर्सांत. म्या फुशारकीनं समदं सांगितलं. मग भिंत बोलाया लागली, तवा कळलं. पन कुनाला सांगू? मुसलमानानं मठाची भिंत खोटी म्हनायची, ह्या दिवसांत? घर जाळलं असतं माझं. काल तू आलीस तवाबी घरच दिसलं मला, पोरगी न्हाय दिसली."

गायत्रीला बोलायचं होतं खूप. ती फक्त म्हणाली, "आत बसलेला माणूस बाहेर कसा काढायचा?"

"बळदाला कीड लागली की आमी धुरी द्यायचो," पाशामियाँ म्हणाले. "खालच्या तोंडाशी लिंबाचा पाला अन् मिरच्या. वरचं तोंड जरा उघडं असलं की धूर सरळ वर चढतो. किडा ऱ्हात न्हाय आत."

गायत्रीनं आधी रुग्णवाहिकेला फोन केला. मग घमेल्यात गोवऱ्यांचा विस्तव घेतला, त्यावर ओला लिंबपाला, पाल्याखाली मूठभर लाल मिरच्या आणि सगळ्यांत वर शोभेला धूप. वाण्याकडे तिनं तिखटातली तिखट मिरची मागितली होती.

मठात त्या दिवशी जत्रा होती. पोरीच्या तोंडाला वास सुटल्याची बातमी चहूकडे गेली होती. जुन्या गावठाणात जायला ढिगाऱ्यांमधून एक बैलगाडी जाईल एवढीच वाट. ती गाड्यांनी आणि माणसांनी गच्च भरलेली. अर्पिता ओवरीत आडवी होती. श्वास चालू होता, डोळे उघडत नव्हते. "समाधी लागली," लोक म्हणत होते. शिवकन्या तिच्या उशाशी बसून पदराचं टोक चावत होती.

रांगेतल्या लोकांना पाणी वाटणारा बिभीषण नावाचा एक किडकिडीत माणूस होता. प्रत्येकाशी गोड बोलायचा, कुठून आलात, काय अडचण, विचारायचा. भिंत बोलायची वेळ झाली की तो दिसेनासा व्हायचा. हे गायत्रीच्या आज ध्यानात आलं. पाण्याची घागर होती, बिभीषण नव्हता.

ती घमेलं घेऊन पुढे गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "मी स्वामींची माफी मागायला आलेय. धूप दाखवू द्या."

उत्तरेश्वर एवढा खूश झाला की त्याला हसू आवरेना. "बघा! बघा लोकहो! विज्ञान शरण आलं! सोडा, बाईला वाट सोडा!"

गायत्रीनं घमेलं कोनाड्यात, फोटोखालच्या पडद्याला टेकवून ठेवलं, पडदा जरा सरकवला आणि पदरानं वारा घालायला लागली. धूर बाहेर यायच्या ऐवजी शहाण्यासारखा वळून भिंतीत शिरला.

उत्तरेश्वर ओरडला, "स्वामी! भक्त आलेत! बोला!"

भिंत गप्प.

"स्वामी!"

"शि... शि..." भिंत म्हणाली आणि शिंकली.

पुढच्या रांगेतल्यांनी सवयीनं हात जोडले. मग भिंतीला खोकला आला. साधा नाही, ठसका. कुणीतरी म्हणालं, "स्वामींना ठसका लागला!" आणि एक म्हातारी, खरंच, पाण्याचा तांब्या घेऊन भिंतीकडे धावली. भिंत खोकत होती, ओकत होती, आतून नखांनी खरवडत होती. शेवटी तिनं स्वामींची ढब सोडली.

"आरं उत्त्या! काड की मला, मेलो की! आरं तुझ्या..." पुढच्या शिव्या अस्सल होत्या, आणि त्यात अध्यात्म नव्हतं.

गायत्री वारा घालत राहिली. आतला माणूस गुदमरून मरेल हे तिला कळत होतं. ओवरीतल्या पोरीचा श्वास तिच्या कानात होता, आणि आणखी चार वेळा तिनं पदर हलवला. मग घमेलं लाथेनं उडवून दिलं.

"भिंत पोकळ आहे!" ती ओरडली. "बळद आहे यात! वरून माणूस उतरतो, खालच्या भोकातून बोलतो! महाराज ओरडून नाव सांगतो ते त्याला ऐकू जावं म्हणून! वर बघा!"

साण्यातून, म्हणजे माळवदाला उजेडासाठी ठेवलेल्या भोकातून, पाशामियाँचं डोकं दिसलं. सगळ्यांचं लक्ष धुपाकडे असताना ते वर चढून फरशी सरकवून बसले होते. "दोर ओढाया दोघं या!" ते म्हणाले. "माझ्या दाद्यानं बांधलेलं बळद हाय ह्ये. कुनी बी येऊन बघा."

कुणी बी म्हणताच सगळेच धावले. जिना अरुंद, माणसं एकमेकांच्या अंगावरून चढली. बिभीषणला काजळी धरलेल्या भांड्यासारखा ओढून वर काढला. खिशातल्या मोबाइलवर स्वामींची जुनी प्रवचनं होती. नाटकात नकला करणारा हा माणूस, दोन महिने ती ऐकून आवाज घोटत होता. पण हे नंतर कळलं. तेव्हा कुणी काही विचारत नव्हतं. आधी त्याच्या आवाजाला हात जोडणाऱ्यांनीच त्याला तुडवायला सुरुवात केली.

गायत्री ओवरीकडे पळाली. "शिवकुमारभाऊ! गाडी आलीय वेशीला! पोरीला उचला!"

शिवकुमार तिथं नव्हता. तो माळवदावर होता. हातात खोऱ्याचा दांडा होता आणि तो बिभीषणच्या पायावर घाव घालत होता, लेकीचं नाव घेत. गायत्रीनं खालून चार हाका मारल्या. त्याला ऐकू गेल्या. तो म्हणाला, "आलो, आलो," आणि आणखी एक घाव घातला.

दोघी बायकांनीच मुलीला उचललं. रुग्णवाहिका ढिगाऱ्यांच्या पलीकडे अडकली होती, पुढे तीस-चाळीस गाड्या. बातमी फुटली होती आणि वाटेवरचा प्रत्येक माणूस मठाकडे धावत होता, भिंतीतला माणूस बघायला. सकाळी ज्या पोरीच्या पायाला हात लावायला रांग होती, तिला वाट द्यायला कुणी थांबेना. "सरका! अहो सरका!" गायत्री ओरडत होती. एकानं तर मोबाइल वर धरून विचारलं, "अजून मारायलेत का?"

चारशे पावलांना त्यांना वीस मिनिटं लागली. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, इन्शुलिन दिलं, ऑक्सिजन दिला. उमरग्याच्या अलीकडे अर्पितानं एकदा मोठा श्वास घेतला आणि पुढचा घेतलाच नाही. शिवकन्या बराच वेळ तिच्या ओठांना ओला बोळा लावत राहिली, कारण लेक पाणी मागत होती.

उत्तरेश्वर त्या गोंधळात मागच्या दारानं निघून गेला होता. पुढे सापडला, जामिनावर सुटला, आणि आता म्हणे दुसऱ्या जिल्ह्यात एका झाडातून बोलतो. बिभीषणचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. पाशामियाँचं घर कुणी जाळलं नाही, कुणी एक खडाही मारला नाही. हे त्यांना सर्वांत जास्त लागलं. ज्या भीतीपायी एक दिवस घालवला, ती खरीसुद्धा निघाली नाही.

आणि गाव? तेराव्याच्या आत पारावर चर्चा झाली की, ते समदं खरं, पण माझी म्हैस सापडली ती कशी? म्हैस शेजारच्या गावात बांधलेली होती आणि बिभीषणनं ती येताना पाहिली होती. एवढंच. सांगितलं तरी माणूस मान हलवतो आणि म्हणतो, तरीबी.

शिवकुमारनं मठ पाडायला जेसीबी आणला. पाशामियाँ दारात आडवे झाले. "घराचा काय गुन्हा?" ते म्हणाले. "ह्ये घर भूकंपात ऱ्हायलं त्ये काय चमत्कारानं न्हाय. माळवदाचं वझं सागवानी खांबांवर हाय, भिंतीवर न्हाय. भिंत हलली तरी छप्पर डोक्यावर पडत न्हाय. बांधणाराला अक्कल हुती. अन् ह्या भिंतीनं एका साली गावाचं बियाणं वाचिवलंय. पाडू नगंस. उघडी कर."

भिंतीला बाजूनं एक दार पाडलं. तेव्हापासून शिवकुमार गिरणी बंद करून सोमवारी आणि गुरुवारी तिथं बसतो. कारण लोक अजून येतात. कुणी कुठून तरी ऐकलेलं असतं, खरं काय झालं ते कानावर आलेलं नसतं, किंवा आलेलं असून उपयोग नसतो.

परवा ढोकीकडची एक बाई आली, आठ वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन. त्याला फिट्स येत होत्या. गायत्री त्या दिवशी गोळ्यांच्या पाकिटांसह तिथंच होती, हल्ली ती दर खेपेला असते.

"भिंतीला इचारायचंय," बाई म्हणाली. "गोळ्या बंद करू का म्हून."

शिवकुमार उठला. त्यानं मुलाला गायत्रीकडे दिलं, बाईला बळदाचं दार दाखवलं. "आत जा, ताई. घाबरू नका, कायच न्हाय आत. भोकापाशी तोंड करून उभ्या ऱ्हावा."

ती गेली. शिवकुमार वळसा घालून कोनाड्यासमोर आला, चपला काढल्या, जमिनीवर बसला आणि हात जोडले. येणाऱ्या प्रत्येकाला तो असंच आत उभं करतो, आणि प्रश्नही एकच विचारतो. तरी गायत्रीला तो ऐकवत नाही. तिनं मुलाला उगीच छातीशी धरलं.

"स्वामी," शिवकुमार भिंतीला म्हणाला, "माझी अर्पिता बरी हुईल का?"

भिंत गप्प राहिली.

"बोला, स्वामी. सुई बंद करू का?"

आतून हुंदका आला, आणि मग घुमणारा, विहिरीतून यावा तसा बाईचा आवाज. "दादा, मला काय ठाव? म्या काय सांगू?"

"तेच सांगायचं हुतं, ताई," शिवकुमार म्हणाला. "आतल्याला कायच ठाव नसतं. जे ठाव नसतं, ते न्हाय ठाव म्हनून सांगायला त्यालाबी कुनी शिकिवलं न्हवतं, अन् तुला कसं ठाव, आसं इचारायला मलाबी. या बाहेर. पोराच्या गोळ्या चालू ठिवा. ज्यानं दिल्यात त्याला इचारा, ह्या सिस्टरला इचारा. त्ये चुकले तर त्यांस्नी जाब इचारता येतो. भिंतीला इचारता येत न्हाय. म्या रोज इचारतो."